नळाला बांधलेली वायर

कम्प्युटर जोडायला फार अक्कल लागत नाही. दुकान चालू असताना हे मी मेलो तरी बोललो नसतो, पण आता शटर कायमचं खाली ओढलंय, तेव्हा बोलायला हरकत नाही. ज्या खाचेत जे बसतं तेच बसतं, दुसरं घालू म्हटलं तरी जात नाही. अक्कल लागते ती त्याच्या आधी. समोरच्या माणसाला नेमकं काय पाहिजे, आणि त्यासाठी कोणता पार्ट निवडायचा, इथं खरी परीक्षा. या निवडीत मी पक्का होतो. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, पैठण गेटच्या मागच्या गल्लीत माझं दहा बाय बाराचं दुकान होतं. गेम खेळायचा कम्प्युटर पहिल्यांदा जोडून घ्यायचा तर साळवेकडं जा, असं पोरं एकमेकांना सांगायची. ही बढाई नाही. बढाईच आहे, पण खरी आहे.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसर हे डोकं. ग्राफिक कार्ड पडद्यावरची चित्रं काढतं. आणि भिंतीतली वीज घेऊन सगळ्यांना मापात वाढतो तो एसएमपीएस, हा एक लोखंडी डबा असतो, कॅबिनेटच्या, म्हणजे सगळे पार्ट ज्यात बसतात त्या मोठ्या पेटीच्या, कोपऱ्यात बसतो. पोरं यायची ती ग्राफिक कार्डाचं नाव पाठ करून. कॅबिनेटला लाइट किती, काच आहे का, हे विचारायची. एसएमपीएस कुणी विचारत नव्हतं. 'कोणता बी टाका काका.' मी म्हणायचो, 'अरे येड्यांनो, नवरदेवाला सूट शिवता आणि चपला उसन्या आणता?' हसायची, आणि तरी हलकाच डबा मागायची.

एकदा सिल्लोडचे एक कापसाचे व्यापारी आले, नातवासाठी. आम्ही त्यांना हाजीसाब म्हणायचो. त्यांनी एकाही पार्टचं नाव विचारलं नाही. हात लांब केला आणि म्हणाले, 'साळवे मियाँ, एकेक डब्बा हाथ में देव. वजन देखता.' मी चार एसएमपीएस दिले. त्यांनी दोन्ही हातांनी तोलून एक बाजूला काढला आणि म्हणाले, 'यो. बाकी सब हवा है.' गंमत अशी की त्यांनी काढलेला नेमका चारांतला सगळ्यात चांगला होता. हलक्या डब्यात तांबं कमी आणि पोकळी जास्त असते. मी ते शिकायला पाच वर्षं घालवली होती आणि म्हाताऱ्यानं कापसाच्या हिशेबानं एका मिनिटात ओळखलं. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांच्या हातात डबे द्यायला लागलो.

दुष्काळाची ती सलग वर्षं आठवली की माझ्या नाकात अजून धूळ जाते. दुरुस्तीला आलेलं कॅबिनेट उघडावं तर आत बोटभर माती. शहर मात्र थांबलं नव्हतं. बायपासच्या पलीकडं, पडेगावच्या पुढं, जिथं काल ज्वारीची धसकटं होती तिथं आज चुन्याच्या रेषा मारून प्लॉट पडलेले. गुंठा-गुंठा घेऊन माणसं घरं बांधत होती. रस्ता नाही, गटार नाही, नळ तर नाहीच. टँकर आला की अंगणातल्या सिमेंटच्या हौदात पाणी सोडायचं आणि मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं.

त्याच टँकरवरचा एक ड्रायव्हर माझ्या दुकानात आला. बबन. (नावं बदलली आहेत, माझं सोडून.) कन्नडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. चाऱ्यापाण्यावाचून मेंढरं विकली आणि हा शहरात येऊन टँकरवर बसला. चाळिशीच्या आतला, उन्हानं काळा ठिक्कर पडलेला, खिशात कंगवा.

'गाडी चालवायचा गेम असतोय ना, मोठ्या ट्रकचा? त्यो पाहिजे. स्टेरिंगचं चाक बी पाहिजे.'

'पोरासाठी का?'

'नाय. माझ्यासाठी.'

मला हसू आलं. म्हटलं, 'दिवसभर टँकर चालवता, आणि घरी येऊन परत ट्रकच?'

'तिथं पाऊस असतोय साहेब,' तो म्हणाला. 'मी मोबाइलवर बघितलंय. वायपर लावावं लागतंय. माझ्या गाडीचा वायपर कवाचा हललाच नाय.'

या माणसाचा कम्प्युटर मी जीव लावून जोडला. त्यानं तीन चकरा मारल्या. प्रत्येक पार्ट त्याला गाडीच्या भाषेत पाहिजे. 'ह्याचं इंजान कुठलं? रेडिएटर कुठाय? आन् ह्यो डबा म्हंजे डिझेलची टाकी का?' मी एसएमपीएस त्याच्या हातात दिला, त्यानंही भारीच उचलला. ग्राफिक कार्ड मधलं घेतलं, कारण ट्रकच्या गेमला त्याहून मोठं लागत नाही आणि उगाच विकायचं माझ्या स्वभावात नाही. पंखे तीन. लाइट एकही नाही; 'लगीन हाय का?' असं तोच म्हणाला. पार्टांची इतकी नेटकी निवड मी पुन्हा क्वचित केली असेल. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात त्यातल्या एकाही पार्टची चूक नव्हती.

जोडून दिल्यावर आठवड्यानं त्याचा फोन. 'साहेब, मोठ्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येत्यात.'

मी स्कूटर काढली, छावणी ओलांडून त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, मागं पत्र्याची मोरी, अंगणात हौद. बायको मंगल, आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा अजय. मी कॅबिनेटला टेस्टर लावला तर त्यातल्या दिव्यात मिणमिणता उजेड. प्लगाच्या बोर्डाचा स्क्रू काढून बघतो तर काय, तिसऱ्या भोकाला वायरच नाही.

त्या तिसऱ्या भोकाचं सांगतो. प्लगाला एक जाड पिन असते. बिघाड होऊन वीज लोखंडी अंगात उतरली तर तिला माणसाऐवजी जमिनीत जायला वाट मिळावी, म्हणून ती. तिची वायर घराबाहेर खड्ड्यात पुरलेल्या पत्र्यापर्यंत न्यायची असते. यालाच अर्थिंग म्हणतात. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, आणि तो खड्डा ओला ठेवावा लागतो, कारण कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. मी बबनला सांगितलं, खड्डा घ्या, आणि आठ दिवसाला दोन बादल्या पाणी ओता.

बबन खो-खो हसला. 'खड्ड्यात पाणी वतायचं? ह्या दिवसांत? बायको मलाच खड्ड्यात घालंल साहेब.'

मंगल आतून म्हणाली, 'घालंलच. भांडी राखंनं घासतीय मी हितं.'

आता आमच्या धंद्यातली एक युक्ती. जुन्या शहरात, गुलमंडीकडं, छावणीत, अर्थिंग नसलेली घरं पुष्कळ. तिथं आम्ही सगळेच सर्रास तिसऱ्या पिनेची वायर नळाच्या लोखंडी पाइपाला बांधायचो. नळाची लाइन गल्लोगल्ली जमिनीत पुरलेली, त्याच्याहून चांगलं अर्थिंग कोणतं? पुस्तकात हे चूक आहे. पण नळ म्हणजे जमीन, हे आमच्या हातांना पाठ झालं होतं. बबनच्या घरामागं गच्चीवर जाणारा लोखंडी पाइप दिसला. मी हिरवी वायर खिडकीतून काढली आणि त्याला बांधली. टेस्टर लावला, उजेड गेला. बबननं डब्यावर पंजा ठेवला, 'गेलं!' म्हणाला.

मंगलनं विचारलं होतं. मला तिचे शब्द जसेच्या तसे आठवतात. 'भाऊ, नळाला वायर कशाला? पाण्यात करंट नाय का उतरायचा?'

मी म्हणालो, 'वहिनी, पंधरा वर्षं बांधतोय. अजून एक माणूस दगावला नाही.' चहा प्यायलो आणि निघालो.

तो पाइप जमिनीत जातच नव्हता. हौदावरच्या मोटारीपासून निघायचा आणि गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत संपायचा. त्या कॉलनीत महापालिकेचा नळ नव्हताच, मातीला शिवणारं लोखंडच नव्हतं. मला हे दिसत होतं हो. हौद माझ्या डोळ्यांसमोर होता, घरमालक टँकरचा ड्रायव्हर होता, पाण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तरी माझ्या डोक्यात नळ म्हणजे जमीन. झिणझिण्या गेल्या त्या पाइपाला टेकलेल्या ओल्या भिंतीमुळं. तेवढी बारीक वीज भिंतसुद्धा पिते. खरी परीक्षा बल्बनं करतात. शंभरचा बल्ब फेज, म्हणजे वीज येणारी वायर, आणि अर्थिंग यांच्यामध्ये लावायचा, लख्ख पेटला तर अर्थिंग खरं. माझा बल्ब दुकानात राहिला होता, आणि तेवढ्यासाठी परत कोण जातो?

पुढच्या मे महिन्यात, सकाळी दहाच्या सुमाराला दुकानात फोन आला. कॅबिनेटवर माझ्या दुकानाचा स्टिकर होता, त्यावरचा नंबर बघून शेजाऱ्यानं लावला होता. 'तुमच्या कम्प्युटरला हात लावला आन् बबन गेला.'

काय झालं ते मला तिथं पोचल्यावर दोन मिनिटांत कळलं. बबनची सुट्टी होती. टँकर आला, हौद भरला, बबननं कितीतरी दिवसांनी अंगभर आंघोळ केली आणि ओल्या पायांनीच गेम लावून बसला. मंगलनं स्वयंपाकघरातलं बटण दाबून मोटार चालू केली. हौद तळाला जायचा तेव्हा ती मोटार कोरडी फिरून फिरून आतून जळत आली होती, त्या दिवशी तिच्या अंगात करंट उतरला. मोटारीतून पाइपात, पाइपातून माझ्या वायरीत, वायरीतून बबनच्या कॅबिनेटमध्ये. मोरीतल्या तोट्या प्लास्टिकच्या होत्या, त्यांना हात लावणाऱ्याला काही झालं नसतं. स्टेरिंगच्या चाकाची पिन नीट बसवायला बबननं कॅबिनेटच्या मागं हात घातला. माझी वायर नसती तर त्या खोलीत करंट यायला वाटच नव्हती.

बबनला दवाखान्यात नेलेलं होतं, तो तिथं पोचायच्या आधीच संपला होता. सगळी गर्दी पुढं हौदापाशी. वायरमननं मोटार तपासली आणि म्हणाला, 'बॉडी शॉर्ट.' माणसं माना हलवत होती. घराच्या मागं कुणी नव्हतं. मी मागं गेलो. खाली बसलो, पाइपाची वायर सोडली, खिडकीतून ओढली, गुंडाळली आणि खिशात घातली. हात थरथरत नव्हते. याचंच मला आजही भय वाटतं. संध्याकाळी घरी परतताना खाम नदीच्या पुलावरून ती खालच्या नाल्यात टाकली.

पंचनाम्यात मोटार आली. पोलिसांनी मला विचारलं, कम्प्युटरमध्ये दोष होता का? मी म्हणालो, नाही. तेवढं खरं होतं.

त्याच दिवशी दुपारी कन्नडहून बबनची आई आली होती. दारातच बसली आणि तिनं एकच प्रश्न विचारला. 'मोटार कुणी लावली?'

मंगल म्हणाली, 'मी.'

मी चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी चपला शोधत राहिलो.

मग वर्षं गेली. मी अर्थिंगच्या बाबतीत वेड्यासारखा कडक झालो. बल्ब घेतल्याशिवाय कुणाच्या घरी गेलो नाही, दोन-चार गिऱ्हाइकांना तर अर्थिंग नाही म्हणून कम्प्युटर द्यायलाच नकार दिला. लोक म्हणायचे, साळवे म्हातारपणी किती काळजी घेतो बघा. ते ऐकून जेवण जात नसे. आणि एवढं होऊनही मी पडेगावच्या रस्त्याला पाय ठेवला नाही.

यंदा दुकान बंद करायला काढलं. सामान विकत होतो, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. मंगल उतरली. केस पांढरे, हातात बबनचं कॅबिनेट, साडीत गुंडाळलेलं. माझा स्टिकर तसाच.

'भाऊ, दुकान मोडताय आसं कळलं. ह्ये तेवढं चालू करून द्या. अजयला पाहिजे. त्याच्या चुलत्याच्या हातून निरोप धाडलाय, बापाचा कम्प्युटर पाहिजे म्हून.'

'अजय कुठं असतो?'

ती स्टुलावर बसली आणि सांगत गेली. सासू दहाव्यालाच अजयला कन्नडला घेऊन गेली होती. 'हिच्या हातानं माझा ल्योक गेला, नातू तरी राहू द्या,' असं सगळ्या भावकीपुढं म्हणाली. त्याचे कान भरले. मंगल दर बाजाराला जायची, पोरगं मागच्या दारानं निघून जायचं. मागच्या दिवाळीत सासू वारली, तरी ते बोलत नाही. आता सतरा वर्षांचं झालंय.

'आन् त्याचं तरी काय चुकलं?' ती म्हणाली. 'बटण म्याच दाबलं की. मी आजवर मोटारीला हात लावला नाय भाऊ. शेजारीण येऊन लावती.'

मी कॅबिनेट उघडलं होतं. आत सगळे पार्ट जिथल्या तिथं, मीच निवडलेले. मग मी सांगितलं. वायर, पाइप, बल्ब, खिसा, नाला. सगळं. तिच्याकडं न बघता सांगितलं.

तिनं कॅबिनेटवरून काढलेली साडी मांडीवर घेऊन घडी घातली. मग म्हणाली, 'त्या दिवशी तुम्ही तिथंच हुता.'

'हो.'

'आत्याबाईनं इचारलं तवा.'

'हो. वहिनी, तुम्ही म्हणाल तर आत्ता पोलिसात येतो. माझं चुकलं. मला...'

'माफी मागायची आसंल तर ती माझ्यापाशी नाय,' ती म्हणाली. 'पोलिसाचं मागनं बघू. उठा. माझ्या पोराला सांगा.'

मी कॅबिनेट तपासलं. एसएमपीएस अजून ठणठणीत होता. कॅबिनेट उचलून आम्ही दुपारच्या एसटीनं कन्नडला गेलो. वाटेत ती खिडकीपाशी बसली होती. दुकानात सांगितल्यापासून तिनं मला पुन्हा भाऊ म्हटलं नाही.

अजय चुलत्याच्या ओट्यावर होता. बबनसारखाच काळा, तसाच उंच. आईला बघून उठायला लागला. मी म्हणालो, 'थांब. तुझ्या बापाचा कम्प्युटर मी जोडलाय. माझं ऐक आणि मग जा.' आणि ओट्याखाली उभं राहूनच मी पुन्हा सगळं सांगितलं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, 'वायर कुठाय?'

'नाल्यात टाकली.'

'मंग कशावरनं खरं? आईनं शिकवून आणलं नसंल कशावरनं?'

मंगलनं डोळे मिटले. पुरावा होता तो मीच पाण्यात टाकला होता, आणि खरं दडपायला वापरलेले हात आता खऱ्याला कामाला येत नव्हते. चुलत्यानं 'जाऊ द्या आता, झालं गेलं,' सुरू केलं. तेव्हा मला आठवलं.

'पाइपाला रंग होता,' मी म्हणालो. 'रंगावर वायर धरत नाही, म्हणून बांधायच्या आधी मी कानसीनं तो खरवडला होता. चारी बाजूंनी, दोन बोटं रुंद. मोरीच्या मागं, खिडकीच्या खाली, वितीवर. पाइप बदलला नसेल तर खूण तिथंच आहे. तुझ्या आईला हे माहीत नाही. चल, बघ.'

अजयनं आईकडं बघितलं. 'पाइप त्योच हाय?'

'त्योच हाय,' ती म्हणाली.

तो आमच्याबरोबर भाड्याच्या जीपमध्ये बसला, पण पुढं, ड्रायव्हरशेजारी. दिवस मावळायच्या आधी आम्ही पोचलो. तो निम्मं आयुष्य बाहेर राहिलेल्या माणसासारखा दारात अडखळला आणि घरात न जाता बाजूनं थेट मागं गेला. मी मागोमाग गेलो, मंगल आली नाही. ती घरात गेली.

त्यानं खिडकी बघितली, गुडघ्यावर बसला, पाइपावरची माती हातानं पुसली. वर रंग, खाली रंग, आणि मध्ये दोन बोटं गंजाचं कडं. त्या कड्यात वायरीचा वळ अजूनही दिसत होता. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग तो तसाच बसून रडायला लागला, लहान पोरं रडतात तसा, आवाज काढून.

मी उभा राहिलो.

थोड्या वेळानं त्यानं शर्टाला तोंड पुसलं, माझ्या अंगावरून पुढं गेला आणि दारात जाऊन उभा राहिला. आतून मंगलचा आवाज आला, दबकत, परक्या माणसाला विचारावं तसा.

'जेवून जाशील?'

'नाय,' तो म्हणाला. 'ऱ्हातो.'

मी जीपमधून कॅबिनेट आणून उंबऱ्याच्या आत ठेवलं. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.